वंगाळ शिवायची वाकळ

माझ्या हातनं एक चूक झाली ती आधी सांगते, म्हणजे पुढचं ऐकायचं का उठून जायचं ते तुमचं तुमी ठरवा. मी एका तान्ह्या पोराची वाकळ लई देखणी शिवली. झालं, येवढीच चूक. हसताय न्हवं? हसा, पण ती वाकळ वंगाळ शिवायची व्हती, मला चारचौघीत बजावून सांगितलं व्हतं की ठके, बघणाऱ्याचं तोंड वाकडं झालं पायजे अशी शिव, आन मी काय केलं तर बघणाऱ्याचं तोंड उघडंच ऱ्हाईल अशी शिवली. सतरा वर्साची व्हते. सतराव्या वर्सी माणसाला अक्कल नसती, त्याचं काय न्हाय, पण ती आपल्याला हाय असं वाटत असतं, ते वाईट. ती ठकी आता मला कुठं गावली असती तर तिच्याच दोऱ्यानं तिची बोटं एकमेकाला शिवून टाकली असती.

मी मूळची लोणी भापकरची. कोरडं गाव. माझ्या आज्याकडं मेंढरं व्हती, बापानं ती मोडून माळ धरला, आन त्या माळात बाजरी सोडून काय यायचं न्हाय, बाजरीबी तिच्या मर्जीनं यायची. घरात माणसं नऊ आन पांघरायला वाकळा चार, तवा आई सारखी शिवत असायची, फाटलेल्या लुगड्यांचे थर अंथरायची, वर ठिगळं मांडायची आन कडंनं धावता टाका घालत घालत मधी यायची. मी सात वर्साची असताना तिच्या समोर बसून शिवायला लागले ते लागलेच. काय सांगू तुमाला, मला माणसं वळखू यायची न्हाईत, लुगडी वळखू यायची. कोण बाई आली म्हणून इचारलं तर मी सांगायची, ती न्हाय का, हिरव्या काठाची, पदराला जळल्याचं भोक असलेली. माझी मावळण, बापाची बहीण, मेली तवा सगळ्यांसंगं मीबी गळा काढून रडले, पण रडता रडता माझं ध्यान तिच्या अंजिरी लुगड्याकडं, की आता हे कुणाला जातंय. गेलं दुसरीलाच. मग मी खरी रडले.

लगीन झालं ते सणसरला. आमच्या लोणीच्या मानानं सणसर म्हणजे काय, पाटाचं पाणी, ऊस, मिरची, वांगी, मेथीच्या जुड्या, गुरवारी बारामतीच्या बाजाराला भरलेल्या गाड्या. सासरी सासू, तिला आमी आत्याबाई म्हणायचो, थोरलं दीर, त्यांची बायको हौसाक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, आमचं मालक आन मी. सासरा न्हवता. आत्याबाई पायटंला उठल्यापासनं बोलायला लागायची ती निजल्यावरबी बोलायची. बागायताचं घर म्हणजे बाईच्या अंगाला विसावा कसला? झाडलोट, शेण, दळण, पाणी, भाकरी, मग खुरपं घेऊन रानात, मिरचीचा तोडा असला की बोटं अशी जळायची की परत सुई धरवायची न्हाय. पण मी धरायची. सुई माझ्या बुचड्यात खोचलेली असायची. दुपारी रानात भाकरी खाऊन बाकीच्या बायका घटकाभर आडव्या व्हायच्या, मी कमरेची चिंधी काढून बसायची. तव्यावर भाकरी टाकायची आन मनात तांबड्याशेजारी काय लावू ते चाललेलं असायचं, भाकरीचा कोळसा व्हायचा. आत्याबाई म्हणायची, वाकळ खाऊन वाकळंवर निजणारी सून आणली बया मी.

मालकांचं एक धोतर व्हतं, बाजाराला नेसायचं. त्याचा काठ मला आवडायचा. एका गुरवारी त्यांनी बारामतीला जायला ते काढलं तर एका अंगाचा काठच न्हाय. मला म्हणाले, आता माझं कातडं तेवढं ऱ्हायलंय, ते कधी काढतीस ते सांग, म्हणजे त्या दिवशी घरी थांबतो. बिचारा तसाच बिनकाठाचा बाजार करून आला. त्याच सुमाराला बारामतीत टोपीवाली माणसं परदेशी कापडाची होळी करत्यात असं ते सांगत आले, आन सगळं घर ऐकतंय, देशाचं काय व्हईल म्हणून, आन ही ठकी म्हणती, जाळायचंच व्हतं तर मला का न्हाय दिलं? असली मी.

आता गावाच्या वाकळंचं सांगते. रबीचं पीक घरात आलं की फाल्गुनापासनं गावातल्या बायका एकमेकींच्या वाकळा शिवायला बसायच्या. आज हिच्या दारात, उद्या तिच्या. मधी वाकळ पसरायची, चार अंगाला चौघी, आन कडंनं शिवत मधी यायचं, बोलत, रडत, एकमेकींच्या सासवांना शिव्या घालत. ज्या घरची वाकळ त्या घरचं गुळपाणी. मला त्या बसण्याची लई हौस, आन त्या बायकांच्या टाक्यांची लई किळस. त्यांचे टाके म्हणजे बैलानं पाय टाकल्यासारखे. मग मी काय करायची, त्या घरी गेल्या की राहिलेलं पुरं करते म्हणून वाकळ घेऊन यायची, आन त्यांचे टाके उसवून तिथं माझे घालायची. सगळ्यांत म्हाताऱ्या सरूकाकूच्या ध्यानात आलं एकदा. तिनं वाकळंवर बोट ठेवलं आन म्हणाली, ठके, हितं मी माझ्या मेलेल्या लेकीचं नाव घेत घेत चार बोटं शिवलं व्हतं, ते कुठं गेलं गं? मी म्हटलं, काकू, दोरा तुटला व्हता.

हे सगळं मी कुणाच्या जिवावर करत व्हते ते सांगायचं राहिलंच. हौसाक्काच्या. ती माझ्याहून धा वर्सांनी मोठी, उंच, हाडापेरानं गड्यासारखी, बैलगाडी हाकायची, मोट धरायची, आन बोलायची मोजकं. मी दळायला बसले की माझ्या हातातला खुटा काढून घ्यायची आन म्हणायची, जा, बस तुझ्या चिंध्या घेऊन. माझी खुरपायची पातबी तिनं किती वेळा उरकली. मी इचारलं एकदा, अक्का, तुमी का करता माझं काम? तर म्हणाली, घरात एकीला तरी काहीतरी आवडतंय, ते बघायला बरं वाटतं.

तिची तीन लेकरं गेली व्हती. दोन पाचवीच्या आत, एक आठ महिन्याचं होऊन, बसायला लागल्यावर. आता चवथ्यांदा दिवस गेले आन आत्याबाईनं सांगून टाकलं की हे पोर राहिलं न्हाय तर थोरल्याला दुसरी बायको आणीन, वंश बुडवायला मी बसले न्हाय. थोरलं दीर खाली मान घालून भाकरी खात ऱ्हायले. हौसाक्का वाढत व्हती, तिनं त्यांच्या ताटात कोरड्यास वाढलं, आत्याबाईच्या वाढलं, आपलं ताट घेतलं आन जेवायला बसली. पण मी तिच्या शेजारी बसले व्हते, तिचा हात घासाला जायचा आन रिकामाच वर यायचा.

आमच्याकडं असं व्हतं, लेकरं वाचत नसली की पुढच्याला टाकावू करायचं. म्हणजे मरणाला वाटलं पायजे की हे काय घ्यायच्या लायकीचं न्हाय. जन्मल्याबरुबर सुपात घालून उकिरड्यावर ठेवायचं, शेजारणीनं ते मूठभर कोंड्याला इकत घेतल्यासारखं करून परत आईच्या वटीत टाकायचं, नाव ठेवायचं धोंडू, उकिर्डा, असलं. आन त्याच्या अंगाखाली नवं कापड घालायचं न्हाय. आईनं सातव्या महिन्यात अकरा घरांपुढं पदर पसरून चिंध्या मागायच्या आन त्या भिकेच्या चिंध्यांची वाकळ करायची, जितकी वंगाळ तितकी चांगली. त्यातल्या दोन चिंध्या वेशीबाहेरच्या घरांतनं आणायच्या. एरवी त्या माणसांची सावली चालायची न्हाय, पण आपलं पोर जगवायला त्यांची चिंधी चालायची, असली आमी माणसं.

हौसाक्का मागून आली. येवढी उंच बाई, प्रत्येक दारात वाकून. अकरा घरांच्या चिंध्या तिनं सोप्यात टाकल्या आन प्रश्न आला, शिवायचं कुणी. आत्याबाई म्हणाली, सरू शिवंल, हिच्याकडं देऊ नका, हिला वंगाळ शिवताच येत न्हाय. ऐकून मी खूष, बघा, हिताचं बोलत व्हती सासू, आन मी ते कवतिक म्हणून पदरात बांधून घेतलं. पण हौसाक्का म्हणाली, न्हाय, ठकूच शिवंल. मी आजवर तिच्याकडं काय मागितलं न्हाय, हे मागते. ठके, वंगाळ शिव हां, तुला जमंल तेवढी वंगाळ. मी म्हटलं, अक्का, अशी शिवते की कुत्रंबी वर बसायचं न्हाय.

खरं सांगते, मी मनापासनं वंगाळ शिवायला बसले. पयल्या दिवशी तिरके, लांडे, कसेबी टाके घातले, ठिगळं उलटी लावली, आन माझ्या अंगावर काटा आला, खरकट्या हातानं कुणी तोंड पुसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मनाशी म्हटलं, चिंध्या निदान धुऊन तर घेऊ, तान्ह्याच्या अंगाखाली जायच्यात. पाटावर नेऊन रिठ्यानं धुतल्या. तितं घात झाला. कुंभारणीची चिंधी मातीच्या रंगाची दिसत व्हती ती आतनं निळी निघाली, धुऊन धुऊन इटलेली निळी, आभाळ पाण्यात पडल्यासारखी. तेलणीची काळी. वेशीबाहेरच्या एका म्हातारीनं चोळीची बाही फाडून दिलेली, ती अशी तांबडी की मी ती काळ्याशेजारी धरली आन काळं पेटलं. झालं की, ठकी मेली तितं. मी मनाशी वाद घातला, चिंध्या तर भिकेच्याच हायेत न्हवं, एकबी चिंधी घरची न्हाय, मी नुसत्या नीट मांडत्ये, मांडायला कुणी नको म्हटलंय? चोरानं देवाला साखर दाखवावी तसला वाद. मधनं त्या निळ्याचा पाट नेला, आडवा, वळण घेतलेला, दोन्ही अंगाला हिरव्या चिंध्यांची उसाची पानं, कडंनं काळं, आन काळ्यात जागोजाग ते तांबडं. टाके असे की मुंगीनं पाय मोजावेत. दीड महिना मी ती कुणाला दाखवली न्हाय. त्या दीड महिन्यात माझी दळणं, माझी पात, माझं पाणी सगळं सातव्या-आठव्या महिन्यातली हौसाक्का करत व्हती. मी वाकळ शिवत्ये म्हणून. तिच्यासाठीच की!

आषाढात पोर झालं. मुलगा. उकिरड्यावर ठेवला, सरूकाकूनं कोंड्याला घेतला, परत दिला, नाव ठेवलं केरू, केर म्हणून. रडायचाबी असा बारीक की केरातनं काहीतरी सरकल्यासारखं. मी वाकळ आणून अंथरली. आत्याबाईनं कपाळावर हात मारून घेतला, म्हणाली, घात केलास गं, सटवीच्या पुढं ताट वाढून ठेवलंस. ती चुलीकडं गेली, तव्याची काजळी बोटावर घेऊन आली आन वाकळंच्या चारी कोपऱ्यांना फासली. हौसाक्का बाजंवर पडली व्हती. तिनं वाकळंवरनं हात फिरवला, लई येळ फिरवला. म्हणाली, ठके, मी काय सांगितलं व्हतं? मग ती म्हणाली, ऱ्हाऊ दे आता. दुसऱ्या चिंध्या मागायला माझ्यात बळ न्हाय.

आन चवथ्या दिवशी ह्या ठकीनं ते काजळीचे चार डाग धुऊन काढले. निळ्यावर उतरायला लागले व्हते म्हणून. हे मी साठ वर्सात कुणाला सांगितलं न्हवतं, तुमी लिवून घ्या, आता कुणाला भ्यायचं.

बारशाला आलेल्या बायकांनी थू म्हणायचं ते राहिलं बाजूला, अगं बाई अगं बाई म्हणत बसल्या. बातमी वस्त्या-वस्त्यांवर गेली. तिकडं कळंबच्या माळावर साखरंचा कारखाना उभा राहत व्हता, तिकडं कामाला जाणाऱ्या बायका वाट वाकडी करून यायला लागल्या. पाटाच्या सायबाची बायको छकड्यातनं आली, तिनं वाकळ बोटांत धरून बघितली आन म्हणाली, बाई, तुम्ही हे कुठं शिकलात? मला तुम्ही म्हणाली हो! मी वीतभर उंच झाले. दिवसाला दोन-दोन, तीन-तीन जणी यायच्या. खुरपं रानात टाकून मी पळत घरी यायची दाखवायला. निळं कुठनं आलं, तांबडं कुणाचं, सगळं तोंडपाठ सांगायची. केरू कुणासारखा दिसतोय हे कुणी इचारलेलं मला आठवत न्हाय. मला तर त्याचं तोंडबी आता आठवत न्हाय, वाकळ आठवती, टाका न टाका.

भादव्यात हिव आलं. पाटाच्या पाण्यानं ऊस आणला आन उसाच्या सऱ्यांत साचलेल्या पाण्यानं हिवताप आणला, हे आता शिकलेली पोरं सांगत्यात. तवा डासाला कोण इचारत व्हतं? घरटी दोन माणसं हुडहुडायची. आमच्या घरात आधी मालक पडले, मग मी, मग पोर. बारामतीच्या दवाखान्यातनं थोरल्या दिरांनी कोयनेल आणलं, आमाला ते कडू जहर पाजलं, पोराला उगाळून बोटानं चाटवलं, त्यातलं किती पोटात गेलं आन किती गळ्यावरनं उतरलं देवाला म्हाईत. पुरतं तीन महिन्याचंबी न्हवतं ते. तिसऱ्या दिवशी, बैलं सोडायच्या वक्ताला, मी कोपऱ्यात तीन वाकळा घेऊन थडथडत पडले व्हते, हौसाक्का मांडीवर त्याला थोपटत व्हती. थोपटल्याचा आवाज यायचा, त्यावर मला जरा डोळा लागायचा. तो हात थांबला. मला वाटलं दमली आसंल, आता परत थोपटंल. तिनं परत थोपटलं न्हाय.

तान्ह्याला पुरत्यात. आत्याबाई म्हणाली, ती वाकळ त्याच्यासंगं जाऊ द्या, असलं देखणं मला घरात नको. थोरल्या दिरांनी त्याला वाकळंत गुंडाळलं आन रानाच्या कडंला नेलं. आन काय सांगू तुमाला, माणूस किती हलकट असतं, माझ्या मनात पयलं काय आलं असंल? केरू न्हाय. वाकळ चालली, हे आलं. मग केरू आला. पण मागनं आला.

ज्या बायका अगं बाई म्हणत व्हत्या त्याच म्हणायला लागल्या, ठकीची नजर. तिचं पोट अजून उघडलं न्हाय, जावंचं बघवलं न्हाय, देखणी वाकळ करून काळाला बोलावलं. बारशाला मला बोलावणं बंद झालं. वाटंत ओली बाळंतीण भेटली की पोरावर पदर घेऊन मागं वळायची. फाल्गुनात वाकळा पसरल्या, चार कोपऱ्यांना चौघी बसल्या, मी आपली सवयीनं जाऊन उभी राहिले, कुणी सरकलं न्हाय. सरूकाकू तेवढी म्हणाली, जा पोरी, घरी जा. त्याच उन्हाळ्यात थोरल्या दिरांचं दुसरं लगीन झालं. पारू म्हणून, पोरगीच, पंधरा वर्साची. तिच्या हळदीची हळकुंडं हौसाक्कानं फोडली. वरातीतनं आल्यावर पारूला तहान लागली तर तांब्या हौसाक्कानंच दिला.

माझ्यासंगं हौसाक्का कामापुरतं बोलायची. मीठ दे, बैल बांध, मिरचीला पाणी सोड. वाकळंचं नाव न्हाय, केरूचं नाव न्हाय. मला वाटायचं, हिनं माझ्या झिंज्या धराव्यात, चार शिव्या घालाव्यात. ती नुसतं मीठ मागायची.

मग ह्या ठकीनं नवा उद्योग काढला. म्हणाली, मी पापी. सुई पाटात टाकली. सोमवार धरला, चप्पल सोडली, लुगड्याचा काठ फाडून काढला, का तर रंग नको. जो भेटंल त्याला सांगायचं, माझ्या टाक्यानं पोर गेलं, माझा हात जळाला. पयल्या पयल्यानं बायकांना वाईट वाटायचं, मग कंटाळा यायला लागला, एक तर म्हणाली, अगं झालं की सांगून, त्या गुरवारीच सांगितलंस. पुढं मला लेक झाली, ती गोणपाटावर वाढली, सोलवटून निघाली पोरगी, पण मी तिच्यासाठी टाका घातला न्हाय, माझ्या मोठेपणापायी. आधी माझ्या कवतिकात कुणाला जागा न्हवती, आता माझ्या पापात न्हवती. आता हसू येतं. तवा मला वाटायचं, मी लई सोसत्ये. सोसत व्हती दुसरीच, आन ती मिरच्या तोडत व्हती.

तीन वर्सांनी पारूला दिवस गेले. सातवा महिना लागला तशी आत्याबाई परत उठली, म्हणाली, हिचंबी पोर टाकावूच करायचं, घराला दृष्ट हाय. पारू दारोदार पदर पसरून आली. सगळ्यांनी धरून चाललं व्हतं की आता सरूकाकू शिवंल. मी तर त्या चिंध्यांकडं बघतबी न्हवते.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमी दोघीच मिरचीच्या वाफ्याकडंला भाकरी खायला बसलो व्हतो. हौसाक्कानं पाटीतनं एक गठुडं काढलं आन माझ्या पुढ्यात सोडलं. पारूच्या चिंध्या. मी अंग चोरून मागं सरले. म्हटलं, अक्का, मला सांगू नका, माझा हात मेलाय, मी शिवली तर हेबी पोर जाईल, एक खाल्लं माझ्या टाक्यानं. आन तिच्या पायावर डोकं घालून मी रडायला लागले. मनातनं मी तीन वर्सं ह्या रडण्याची वाट बघत व्हते. मला वाटलं, आता ही मला जवळ घेईल, न्हायतर लाथ तरी मारंल. तिनं दोन्ही केलं न्हाय. मी रडत व्हते आन ती भाकरी खात व्हती. भाकरी संपवली, ठेचा पुसून खाल्ला, पाणी प्याली, हात धुतला. मग बोलली. काय बोलली ते शेवटाला सांगते.

पारूच्या पोराची ती वाकळ मी शिवली. देखणी झाली का वंगाळ, ते मला अजून सांगता येत न्हाय, मी ती शिवून दिली आन परत बघायला गेले न्हाय. पारूला लेक झाली, ती जगली, आता तिला नातवंडं हायेत. आत्याबाई गेली, सरूकाकू गेली, हौसाक्का आमच्याच घरात म्हातारी होऊन गेली, पारूच्या लेकीनं तिला पाणी पाजलं. फाल्गुनात मी परत एका कोपऱ्याला बसायला लागले, आन खरं सांगते, दुसरीचा टाका कधी उसवला न्हाय, लई वंगाळ असला तरी, हात शिवशिवला तरी. आता बोटं वाकलीत, सुई पणती ओवून देती, तुमच्या ह्या नायलॉनच्या साड्यांवरनं टाका घसरतो, तरी दुपारी घटकाभर बसते. कुणी बघायला आलं तर म्हणते, उद्या या. तुमच्या घरात तान्हं असंल तर ते शंभर वर्सांचं होवो, त्याच्या आईला तिसऱ्या प्रहरी डोळा लागो. आन त्या दिवशी मिरचीच्या वाफ्यात हौसाक्का जे बोलली ते आता सांगते, जसंच्या तसं, त्यात माझा एक शब्द न्हाय.

ठके, ऊठ. माझं पोर तापानं मेलं. तुझ्या वाकळंत मारायची ताकद असती तर जगवायचीबी असती, मग म्या तुला जागची उठू दिली असती व्हय? सारं गाव जगवून घेतलं असतं तुझ्याकडनं. येवढी मोठी न्हाइस तू. पण आल्यागेलीला वाकळ दावायला तू माझ्या पोराला झोपंतनं उचलून भुईवर ठेवायचीस. तीन महिन्याचं त्याचं आयुष्य, त्यातली दुपारची एक झोप तू त्याला पुरी घेऊ दिली न्हाइस. ते म्या इसरले न्हाय, आन इसरणारबी न्हाय. ह्या चिंध्या घे. कशीबी शिव. पण पारूचं पोर त्या वाकळंवर निजलं, की त्याला निजू दे.